तुलनागट

सांगलीच्या एसटी स्थानकावर साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मिलिंदला पलीकडच्या बाकावर त्याच्या पाहणीतली वीरधवल आणि संयोगिता बसलेली दिसली. दोघांच्या मधोमध भडंगाचा पुडा उघडा होता. एवढेच. ज्यांचा संसार न्यायालयाच्या संमतीने नुकताच संपला होता अशी दोन माणसे एकाच कागदातून भडंग खात होती, यात नवल करण्यासारखे थोडेसे असेलही. परंतु मिलिंदची नजर अडकली ती त्या नवलात नव्हे. संयोगिता भडंगातले तळलेल्या लसणाचे तुकडे बोटाने वेचून वीरधवलच्या बाजूला सारत होती, त्याला न विचारता, त्याच्याकडे न पाहता; आणि तो काही सांगू लागला तेव्हा मध्येच म्हणाली, "तुमी आधी खावा, मग बोला. ठसका लागंल." वीरधवलने मान हलवली आणि मुकाट्याने खाऊ लागला. मिलिंदच्या छातीत, गळ्याच्या किंचित खाली, काहीतरी आवळल्यासारखे झाले. त्याने ते दुपारच्या उन्हावर ढकलले. गाडीत बसल्यावर सकाळच्या उपाशी पोटावर ढकलले. आष्टा गेले, पेठनाका गेला, गाडी महामार्गाला लागली, तरी ते सैल होईना, तेव्हा एखाद्या विधानाचे पुरावे तपासावेत तसे त्याने ते दृश्य पुन्हा पुन्हा उलटून पाहिले आणि त्याला मान्य करावे लागले, की हा हेवा आहे. घटस्फोटितांचा हेवा. त्याला हसू यायला हवे होते. ते आले नाही.

तो साताऱ्याच्या एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवीत असे, आणि त्याच्या काटेकोरपणाची ख्याती ऐकून एका स्वयंसेवी संस्थेने त्याच्यावर एक काम सोपवले होते. विभक्त होऊ पाहणाऱ्या आईबापांसाठी ही संस्था सांगलीत वर्ग चालवी: मुलांसमोर कसे बोलावे, मुलाची ने-आण कशी करावी, एकमेकांचा राग मुलाच्या ताटात कसा वाढू नये. या वर्गांचा खरोखर उपयोग होतो का, हे मिलिंदने ठरवायचे होते. त्यासाठी वर्ग केलेले सांगलीचे पालक एका बाजूला, आणि वर्ग न मिळालेले साताऱ्याचे पालक दुसऱ्या बाजूला, अशी त्याने मांडणी केली होती. सांगली हा प्रयोगाचा गट, सातारा हा तुलनेचा. त्याचा अहवाल अनुकूल आला तर वर्ग साताऱ्यातही सुरू होणार होते. प्रतिकूल आला तर सांगलीचेही बंद पडणार होते, हे संस्थेने त्याला स्पष्टच सांगितले होते. तो स्वतः साताऱ्यात, म्हणजे तुलनागटात राहत होता, ही गोष्ट त्याने आजवर केवळ भौगोलिक मानली होती.

वर्गाच्या तिसऱ्या पाठाशी त्याचे पहिल्यापासूनच भांडण होते. तो पाठ असा, की मुलाला निरोप्या करू नये. वर्ग घेणाऱ्या अंजनाताई मूळच्या शिराळ्याच्या, बोलायला फटकळ. मागच्या खुर्चीवर बसून मिलिंदने तो पाठ ऐकला होता. "बायकोला निरोप द्यायचाय न्हवं? तोंड हाय, फोन हाय," अंजनाताई म्हणाल्या. "पोरगं म्हंजे पोष्टमन न्हवं." त्यावर पुढच्या रांगेतला एक टोपीवाला शांतपणे म्हणाला, "ताई, तोंड हाय म्हणूनच तर हितवर आलोय." सगळा वर्ग हसला, अंजनाताईही हसल्या. मिलिंद हसला नाही. त्याला उठून सांगावेसे वाटत होते, की हे विधान अतिव्याप्त आहे. निरोप्या मुलाने तारलेली घरे तुम्ही मोजलेली नाहीत, कारण ती तुमच्या वर्गापर्यंत येतच नाहीत. त्याला असे एक घर ठाऊक होते. कराडजवळच्या गावातले, बौद्धवाड्याच्या टोकाचे, आबा सैन्यातून निवृत्त होऊन परत आले तेव्हाचे.

आबा आणि बयाबाई, त्याचे आईवडील, एकमेकांशी बोलत नसत. भांडण कशाचे होते हे त्याला कधी कळले नाही. ते इतके जुने होते की घरातल्या भांड्यांसारखे झाले होते, रोजच्या वापरातले. आबा ओसरीवरून म्हणत, "मिल्या, तुज्या आईला इचार, भाकरी हाय का उपाशीच निजायचं." आत आई चुलीपुढे बसलेली, तिला सगळे ऐकू येई. तरीही मिलिंद आत जाई आणि म्हणे, "आई, आबांना भूक लागलीया." आई म्हणे, "म्हणावं, हात हायत न्हवं, घ्या वाढून." तो बाहेर येऊन सांगे, "आबा, आई वाढतीया." अशा रीतीने प्रत्येक वाक्य त्याच्या तोंडातून जाताना निवळत असे. पुढे भाषेवर त्याचा जो जीव जडला, शब्द पारखून वापरण्याची आणि वाक्याचा डौल सांभाळण्याची जी सवय लागली, तिचा उगम त्या ओसरी आणि चुलीमधल्या चार पावलांत होता, असे तो मानी. आपण ते घर सांधून धरले, ही त्याची आयुष्यातली पहिली आणि बहुधा एकमेव निर्विवाद कामगिरी होती. म्हणून आम्रपालीने जेव्हा अंकिताच्या तोंडून बोलायला सुरुवात केली, तेव्हा तो दुखावला नव्हता. उलट त्याला ती व्यवस्था ओळखीची, जवळजवळ घरगुती वाटली होती.

आम्रपाली प्राथमिक शाळेत शिकवते. लग्नानंतरची काही वर्षे ती त्याच्याशी भरभरून बोले, आणि तो तिचे प्रत्येक विधान ऐकून घेई, त्यातला दोष दाखवी, मग तिची बाजू तिच्यापेक्षा नीट मांडून पुन्हा तिचेच खंडन करी. यात त्याला निखळ आनंद होई. आपण तिला आपल्या बरोबरीचे मानतो याचाच हा पुरावा, असे त्याला वाटे. एकदा ती शांतपणे म्हणाली होती, "तुमच्याशी बोललं की पेपर देऊन आल्यासारखं वाटतं." त्या वाक्यातल्या उपमेचे त्याने कौतुक केले होते. त्यानंतर ती हळूहळू कमी बोलू लागली, आणि अंकिता मोठी झाली तशी तिच्यामार्फत बोलू लागली. बाबांना सांग, गॅस संपलाय. बाबांना विचार, रविवारी आहेत का. त्याचेही उत्तर अंकिताकडेच जाई. अंकिता निरोप निवळवत नसे; ती मोबाइलवरून डोळे न काढता दोन्हीकडची वाक्ये जशीच्या तशी पुढे ढकली, आणि पुष्कळदा दोघेही त्याच खोलीत असल्यामुळे तेवढेही करीत नसे. मात्र ती आणि आम्रपाली स्वयंपाकघरात एकमेकींशी हसत. पातेल्यावर झाकण ठेवावे तसे ते हसणे तो आत आला की बंद होई. पोटच्या मुलीचा हेवा करणे त्याला अशोभनीय वाटे, म्हणून त्या वेळी जे होई त्याला त्याने कधी नाव दिले नव्हते. सांगलीच्या बाकावर पाहिलेल्या लसणाच्या तुकड्यांनी ते नाव आता मागच्या तारखेपासून लागू केले.

पुढचे काही दिवस तो अहवाल लिहीत होता आणि वीरधवलचा विचार करीत होता. वीरधवल विट्याकडचा, कोइमतूरला सोने गाळण्याचे दुकान चालवी. गावाकडे जत्रेला आणि दिवाळीला येई. संयोगिता इतकी वर्षे त्याच्या आईबापांच्या घरी राहिली आणि शेवटी लहानग्या शिवांजलीला घेऊन सांगलीला माहेरी निघून आली. आता हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिते. वीरधवलचे हात ॲसिडने डागाळलेले, बोलणे अडखळते, शिक्षण बेताचे. या माणसाला असे काय माहीत होते जे मिलिंदला माहीत नव्हते? भाषा ही मिलिंदची मिळकत. आणि एका स्त्रीने सहज, रोखठोक, मायेने उच्चारलेले एक वाक्य मात्र वीरधवलच्या वाट्याला. मिलिंद आकड्यांकडे वळला. आकडे वर्गाच्या बाजूने होते. सांगलीचे पालक साताऱ्याच्या पालकांहून एकमेकांशी अधिक बोलत होते, मुलांना मध्ये कमी घालत होते. तेव्हा त्याने आक्षेप काढला: या वर्गाला शेवटपर्यंत येणारी माणसे मुळातच समजूतदार असतील, वर्गाने त्यांना सुधारले नाही, सुधारलेलीच माणसे वर्गाला टिकली. आक्षेप शास्त्रशुद्ध होता. कोणत्याही परीक्षकाने त्यावर मान डोलावली असती. तो लिहून झाल्यावर मिलिंदला जे समाधान वाटले ते मात्र शास्त्रशुद्ध नव्हते, आणि हे त्याला कळत होते. हेव्याला दुसऱ्याजवळची वस्तू आपल्यालाही हवी असते. मत्सराला ती दुसऱ्याजवळही नको असते. तो पहिल्यातून दुसऱ्यात केव्हा उतरला? अहवालाच्या शेवटच्या भागात, आपल्या सर्वांत रेखीव परिच्छेदात. तरीही त्याने तो खोडला नाही. पुरावा हवा, असे त्याने स्वतःला बजावले. त्या दोघांमध्ये वर्गाआधीपासून गोडी होती, किंवा आताही आतून धुसफूस आहे, यांपैकी काहीही एक सापडले तरी आपला आक्षेप टिकेल. वीरधवल गावी आलेला होता, आणि शनिवारी संयोगिता शिवांजलीला विट्यात त्याच्या हवाली करणार होती. पाठपुराव्याच्या मुलाखतीचे निमित्त पुढे करून शनिवारी तो विट्याच्या गाडीत बसला.

कराड सोडल्यावर दुतर्फा ऊस लागला आणि त्याला, का कोण जाणे, वसतिगृहातून पहिल्यांदा सुट्टीला घरी गेल्याचा दिवस आठवला. तो कॉलेजसाठी साताऱ्याला राहायला गेला तेव्हा आता घरात कोण कोणाशी बोलणार, या काळजीने त्याला पहिले काही आठवडे झोप लागली नव्हती. दिवाळीत तो गावी उतरला, वाड्याच्या टोकाला पोहोचला, आणि अंगणात थबकला. आबा खाटेवर बसले होते, आई शेजारी शेंगा फोडत होती, आणि ती दोघे बोलत होती. कोणा नातेवाइकाच्या लग्नातल्या गमतीबद्दल. आबा म्हणाले, "आन् त्याचा पटका इस्तवात पडला, तुला ठावं हाय का?" आणि आई तोंडाला पदर लावून हसली. मिलिंदला पाहताच दोघेही गप्प झाली. "आलास व्हय," आई म्हणाली. मग आबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "तुज्या आईला म्हणावं, पोराला च्या कर." त्याने तो निरोप आत नेला होता. शब्द न बदलता. ही आठवण त्याने आजवर कधी नीट उघडली नव्हती. उघडली असती तर तिने त्याच्या एकमेव कामगिरीवर काट मारली असती. तो नव्हता म्हणून ती दोघे बोलू लागली होती. आणि त्या अंगणात, हातात ट्रंक घेऊन उभ्या असलेल्या त्याच्या मनात जे दाटले तो आनंद नव्हता. आईबाप हसताना पाहून त्याला त्यांचा हेवा वाटला होता. गाडीच्या खिडकीतून गरम वारा तोंडावर येत होता. अंजनाताईंचा तिसरा पाठ बरोबर होता, आणि तसे असल्याबद्दल त्याला अंजनाताईंचा राग आला.

विट्याच्या स्थानकासमोरच्या हॉटेलात तिघेही बसली होती. शिवांजली केळे खात होती. मिलिंदला पाहून वीरधवल उठून उभा राहिला. "सर, तुमी? विट्यात काय काम काढलंत? बसा. मिसळ सांगू?"

"नको. पाठपुराव्याची मुलाखत घ्यायची होती. दोघांची, वेगवेगळी."

"आता वेगळंच हाय की आमी," संयोगिता म्हणाली. "आणिक किती वेगळं करताय?"

वीरधवल हसला. मग पोरीला चप्पल घ्यायची म्हणून तिला कडेवर घेऊन समोरच्या दुकानात गेला. मिलिंदने प्रश्न सुरू केले. ते ठरल्या वेळी येतात का? येत्यात. मुलीसमोर कधी आवाज चढतो? न्हाई. तिच्या हाती काही निरोप? न्हाई वं. मग तो ज्या प्रश्नासाठी आला होता तो त्याने शक्य तितक्या सहजतेने विचारला. "म्हणजे वर्गाच्या आधीपासूनच तुमचे एकमेकांशी असे समजुतीचे बोलणे होते?"

"आधी?" संयोगिता म्हणाली. "आधी मी ह्यांना तांब्या फेकून मारलाता. कपाळावर खूण हाय, बघा आल्यावर." मग तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. "सर, एक इचारू? तुमी काय हुडकताय? आमचं भांडण हुडकताय व्हय?"

"नाही. तुमचे हे चांगले बोलणे खरे आहे का, एवढेच पाहतो आहे."

"खरं हाय. पण तुमाला वाटतंय तसलं न्हाई." तिने शिवांजलीने टाकलेली केळ्याची साल उचलून बशीत ठेवली. "तवा ह्यांचा फोन आला की मी पोरीच्या हातात द्यायची. पप्पाला सांग, आई घरात न्हाई. आन् मी हितंच, भिंतीला कान लावून. काय म्हणत्यात, माझं नाव काढत्यात का, ते ऐकायला जीव जायाचा माझा. आता न्हाई जात. आता बोलते की मी सरळ. त्यांच्याकडनं मला कायबी नको हाय, म्हणून बोलता येतं. परकं माणूस आलं की कसं, बसा म्हणतो, पाणी देतो. तसं."

"हे वर्गात शिकलात?"

"छ्या. बोलायचं कसं ते अंजनाताईंनी शिकवलं. हे आपसूक झालं." ती हसली, त्या हसण्यात दुःख शोधायचा त्याने प्रयत्न केला, पण ते तिथे नव्हते. वीरधवल परत आला तेव्हा ती सांगलीच्या गाडीसाठी उठली, पोरीच्या केसांवरून हात फिरवून त्याला म्हणाली, "रात्री दूध गार देऊ नका, खोकती," आणि गेली. वीरधवल ती गेली त्या दिशेला पाहत राहिला. त्याच्या कपाळावर, भुवईलगत, खरोखरच एक पांढरी खूण होती.

"लय चांगला वर्ग हाय, सर," तो म्हणाला. "आता लय चांगली बोलती माझ्याशी." थोड्या वेळाने म्हणाला, "आधी शिव्या द्यायची." शिवांजली नव्या चपला टेबलावर आपटून वाजवत होती.

परतीच्या गाडीत मिलिंदच्या छातीतले आवळणे सैल झाले. ज्याचा त्याने हेवा केला होता तो माणूस स्वतःच्या गेलेल्या दिवसांचा हेवा करीत हॉटेलात बसला होता; एवढे कळल्यावर हेवा करायला कोणी उरलेच नाही. आणि त्या रिकाम्या जागेत एक विचार सरकला, तो इतका सुखाचा होता की त्याने त्याची तपासणीच केली नाही. भिंतीला कान लावून. म्हणजे जी बोलत नाही ती ऐकत असते. जी निरोप पाठवते तिला अजून काही हवे असते. बाबांना सांग, गॅस संपलाय: या वाक्यातली धार, तो तुटक स्वर, अंकिताच्या आडून आलेला तो राग, हे सगळे म्हणजे अजून न विझलेले काहीतरी होते, आणि तो इतकी वर्षे त्याला थंडपणा समजत आला होता. आबा आणि बयाबाई शेवटी अंगणात हसलीच होती. कृष्णेच्या पुलावर गाडी आली तेव्हा त्याने ठरवले, की आक्षेपाचा परिच्छेद काढून टाकायचा. संयोगिताच्या तांब्याने तो तसाही फुटला होता. वर्ग चांगला आहे, साताऱ्यात जरूर सुरू करावा, असे तो लिहिणार होता. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी. साताऱ्याच्या स्थानकावर उतरून तो झपाझप चालत घरी निघाला. आज अंकिताच्या तोंडून काय निरोप येतो याची त्याला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, उत्सुकता लागली होती.

संध्याकाळ झाली होती. दार आम्रपालीनेच उघडले.

"आलात? बसा," ती म्हणाली. "पाणी देऊ का?"

तिचा आवाज स्वच्छ होता. त्यात धार नव्हती, तुटकपणा नव्हता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या अंकिताने मोबाइलवरून डोळे वर उचलले आणि आधी आईकडे, मग बापाकडे पाहिले. मिलिंद बसला. पाण्याचा पेला तिने त्याच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. मग समोर बसली आणि म्हणाली, "अंकिता, तू जरा आत जा. मला बाबांशी बोलायचं आहे."

अंकिता उठली. ती दोघांच्या मधून गेली आणि मधली जागा मोकळी झाली.

"तो सांगलीचा वर्ग," आम्रपाली म्हणाली, "साताऱ्यात सुरू होणार आहे का?"

"माझ्या अहवालावर आहे ते."

"हो, म्हणूनच विचारते."

"कोणासाठी?"

"आपल्यासाठी." तिने हे इतक्या मृदूपणे सांगितले, की क्षणभर त्याला ते काही सुखाचे आमंत्रण वाटले. "मी वकिलांना भेटून आले. पुढच्या महिन्यात अर्ज करावा म्हणते. तुमच्याविषयी माझी काही तक्रार नाही, खरंच नाही. अंकिताला मात्र आपण फार वर्षं मध्ये उभं केलं. तेवढं तरी शेवटी नीट व्हावं." ती थांबली, त्याच्या तोंडाकडे पाहून तिने वाट पाहिली, आणि तो काही खंडन करीत नाही असे दिसल्यावर पुढे म्हणाली, "त्या वर्गाला एकट्यानं आलं तर चालतं का? की दोघांनी यावं लागतं?"

वर्गाला नवराबायकोंनी वेगवेगळ्या दिवशी यायचे असते. दोघांना एका खोलीत मुद्दामच बसवत नाहीत, आणि एकाच्या येण्या-न येण्याचा दुसऱ्याशी काहीही संबंध नसतो. ज्याने ती सगळी व्यवस्था महिनोन्महिने तपासली होती, ज्याने आयुष्यात कोणाला चुकीची माहिती म्हणून दिली नव्हती, तो मिलिंद पेला हातात धरून तिच्याकडे पाहत होता. आत अंकिताच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते. तिला हाक मारावी, आईला सांग म्हणावे, असे त्याच्या अगदी ओठांवर आले.

"दोघांनी यावं लागतं," तो म्हणाला. "शेजारी बसावं लागतं. सगळे दिवस."

आम्रपालीने क्षणभर विचार केला.

"चालेल," ती म्हणाली. "माझी काही हरकत नाही."